दारं उघडी ठेवा

४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. तू बंदरातून पाठवलेलं पत्र पोचलं. इंजिनरूममधल्या उकाड्याचं वर्णन वाचून मी इथे पंखा वाढवला. जहाजावर फोन लागत नाही, फोटो पोचत नाहीत, ईमेलमधून नुसती अक्षरं तेवढी येतात म्हणालास, म्हणून अक्षरंच पाठवते आहे आणि भरपूर पाठवते आहे. कॅप्टन ओरडला तर खुशाल माझं नाव सांग.

इकडे सगळं ठीक. मोरीतला नळ पुन्हा गळायला लागलाय. वरच्या मजल्यावरच्या पोरीने ढोल शिकायचं सोडून बासरी धरली आहे, त्यामुळे आता आवाज कमी आणि त्रास जास्त. आई बरी आहे. तिने स्वतः दोन ओळी लिहिल्या नाहीत म्हणून रुसू नकोस, डोळ्यांत थेंब घालायचे चाललेत, स्क्रीनकडे बघायला मनाई आहे. खोड मात्र जात नाही. सगळं आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलं, आता भिंतीवरची पाटीसुद्धा सुटत नाही. काल दारावरच्या 'सुचना' मधला ऱ्हस्व उकार पेनने दीर्घ करून ठेवला. सिस्टर हसायलाच लागल्या.

नव्या कामाचं विचारलंस. तू इंजिनवाला, तुला पटकन कळेल. आमची कंपनी हॉस्पिटलातल्या खाटांशेजारी ठेवायचे मॉनिटर बनवते. प्रत्येक खाटेजवळ एक डबा. तो पेशंटच्या छातीला चिकटवलेल्या तारांवरून ठोके मोजतो, आणि वॉर्डच्या मधोमध सिस्टरांचं टेबल असतं तिथल्या मोठ्या स्क्रीनवर ते आकडे दिसतात. एक खाट, एक चौकोन. ठोके बिघडले की चौकोन लाल होतो आणि घंटा वाजते. आता एका हॉस्पिटलातून तक्रार आली आहे की एखाद्या खाटेचा चौकोन मधूनच थिजतो. लाल होत नाही, बंद पडत नाही, जुनाच आकडा दाखवत राहतो. अर्ध्या तासाने कधीतरी करडा होतो आणि 'संपर्क नाही' म्हणतो. खोलीतला डबा मात्र अगदी ठणठणीत चालू असतो.

माझा संशय पत्त्यांवर आहे. लोकांना वाटतं, एक कॉम्प्युटर म्हणजे एक पत्ता. तसं नसतं. त्याला नेटवर्कशी बोलायला जितकी तोंडं, तितके पत्ते. या तोंडांना आम्ही इंटरफेस म्हणतो. केबलचं एक, वायफायचं एक, एक नुसतं स्वतःशी पुटपुटायला, त्याचा बाहेरच्यांना काही उपयोग नाही. शिवाय आमच्या लोकांनी देखभालीसाठी आत बसवलेलं एक आभासी तोंड, ज्याला तारही नाही आणि अँटेनाही नाही. प्रोग्रॅममधून एकदा विचारलं की मशीन सगळ्यांची यादी हातात ठेवतं: नाव, चालू की बंद, पत्ता. पण ती कुठल्या क्रमाने ठेवेल याची हमी कुणी देत नाही. तसं पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं असतं आणि ते पान सगळेच उलटून पुढे जातात.

तर मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिते आहे. तो वॉर्डातल्या प्रत्येक डब्याला त्याचे सगळे पत्ते विचारेल आणि आलेल्या क्रमानेच टिपून ठेवेल. त्यासाठी रोज त्या हॉस्पिटलात जाते. हे पत्रही तिथल्याच कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून लिहिते आहे. बाक लोखंडी आहे, मांड्या गार पडल्या.

जेवण वेळेवर कर. हाताला भाजलं होतं ते भरलं का, कळव.

तुझी,
ठकू

९ मार्च

प्रिय दादा,

तुझं पत्र म्हणजे पत्र नव्हतं, प्रश्नपत्रिका होती. कुठलं दार, कुठली सिस्टर, आईच्या डोळ्यांना नक्की काय झालंय. अरे, डोळ्यांच्या दवाखान्यातलं दार आणि तिथलीच सिस्टर. झालं समाधान? वयाप्रमाणे पडदा जरा धरतो, थेंबांनी उतरतो. तू तिकडे बॉयलरवर लक्ष दे.

हात भरला हे वाचून बरं वाटलं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्याला म्हणावं मोजे घालून काम कर. तिला हातमोजे म्हणायचं होतं. आईकडून शब्द चुकला, दादा. मी तो सुधारला नाही, तिनेही सुधारला नाही.

माझ्या कामात मात्र धागा सापडला. ऐक. डबा चालू झाला की पहिल्यांदा टेबलावरच्या मशीनला कळवतो, मी अमुक पत्त्यावर आहे, आकडे इथून घेत जा. हा पत्ता निवडायला आत एक साधी ओळ आहे: यादी घ्या, स्वतःशी बोलायचा पत्ता वगळा, उरलेल्यांतला पहिला सांगा. कुणी कधी लिहिली ते कुणालाच आठवत नाही. आजवर पहिली केबलच यायची, त्यामुळे कधी अडलं नाही. हिवाळ्यात डब्यांमध्ये आतलं सॉफ्टवेअर बदललं. त्यानंतर डबा बंद करून चालू केला की कधी केबल पहिली येते, तर कधी ते आभासी तोंड. आणि आभासी तोंडाचा पत्ता कारखान्यातून सगळ्या डब्यांत एकच दिलेला आहे, डब्याच्या बाहेरून तिथे कुणी पोचूच शकत नाही. टेबलावरचं मशीन त्या पत्त्यावर हाका मारत राहतं, उत्तर येत नाही, आणि तोवर स्क्रीनवर बंद करण्याआधीचा आकडाच परत दाखवत राहतं. मग कुणीतरी कंटाळून डबा पुन्हा बंद-चालू करतं, नशिबाने केबल वर येते आणि सगळे तक्रार विसरून जातात.

परवा माझा प्रोग्रॅम साऱ्या वॉर्डावर चालवला. बदललेलं सॉफ्टवेअर फक्त कॉरिडॉरच्या टोकाच्या खोल्यांत आहे. त्या शांत खोल्या. दारं जाड, कायम बंद. आत डबा कितीही बोंबलला तरी टेबलापर्यंत ऐकू जात नाही, मी जाऊन ऐकून पाहिलं. तिथल्या दोन डब्यांवर त्या क्षणी आभासी पत्ताच पहिला होता. सुदैवाने खोल्या रिकाम्या होत्या.

कसल्या खोल्या आहेत माहीत आहे? ऑपरेशन झालेल्या पेशंटना परत आणून ठेवतात त्या. आणि पेशंट ऑपरेशनला गेला की डबा बंद करतात, परत आणला की चालू करतात. म्हणजे ज्या तासाला त्या आकड्याची सगळ्यात जास्त गरज, नेमका तोच तास.

अजून हे कुणाला बोलले नाही. उद्या सोमवार. आणखी एकदा पडताळून मॅनेजरबाईंना सांगेन.

हल्ली जेवताना घास फिरतो. काळजी करण्यासारखं काही नाही, काम पूर्ण होईस्तोवर माझं असंच होतं. दादा, एक विचारते, असंच. समजा जहाजावरच्या कुणाला घरगुती कारणाने मधल्याच बंदरात उतरायचं असेल, तर उतरता येतं का? किती आधी सांगावं लागतं? कुतूहल म्हणून विचारते आहे.

तुझी,
ठकू

१२ मार्च, बुधवार दुपार

दादा,

हे वाचताना हातात काही अवजार असेल तर खाली ठेव आणि बस.

आई हॉस्पिटलात आहे. डोळ्यांचं काही नाही. तिच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. तू निघालास त्यानंतर जिना चढताना दम लागायला लागला, मग सपाटीवर चालतानाही. छाती न उघडता, मांडीतून नळी घालून करतात ते ऑपरेशन उद्या सकाळी आहे. डॉक्टर म्हणतात, बहुतेक जण यातून नीट बाहेर येतात. मी 'बहुतेक' या शब्दाशी फार वेळ बसले आहे.

तिने माझ्याकडून वचन घेतलं होतं तुला न कळवण्याचं. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "त्याला समुद्रावर बसून काय करता येणार आहे? दिवसभर फिरत्या यंत्रांजवळ उभं राहायचं असतं त्याला. डोक्यात हे घेऊन उभा राहिला आणि हात कशात गेला म्हणजे?" तेव्हा पटलं होतं. तुझा हात भाजल्याचं पत्र त्याच आठवड्यात आलं होतं. आता पटत नाही. उद्या काही कमीजास्त झालं तर तू माझं तोंड बघणार नाहीस, आणि बरोबरच असेल ते.

आता दुसरं. पहिल्यापेक्षा हे लिहायला जड जातं आहे.

तक्रार आली ते हॉस्पिटल हेच. हे काम मी मागून घेतलं होतं, दिवसभर आईजवळ राहता यावं म्हणून. ऑफिसात कुणाला ठाऊक नाही की माझी आई इथे दाखल आहे. आणि आज सकाळी तिला खोली बदलून दिली. कॉरिडॉरच्या टोकाची, सगळ्यात शेवटची.

सोमवारी सकाळी मॅनेजरबाईंना सगळं दाखवलं. त्यांनी शाबासकी दिली. म्हणाल्या, "दुरुस्ती तयार कर, चाचणीला जाऊ दे. दोन आठवड्यांत सगळ्या हॉस्पिटलांना एकदम पाठवू." मी विचारलं, तोवर सिस्टरांना सांगायचं का? "नाही. अर्धवट माहितीने लोक घाबरतात, मग चालू असलेल्या डब्यांवरही विश्वास ठेवत नाहीत. ते जास्त धोक्याचं." बाई वाईट नाहीत रे. यातही तथ्य आहे. डब्यांना मी परस्पर हात लावू शकत नाही, त्याला चाचण्या आणि सह्या लागतात, आणि तो नियम योग्यच आहे.

मी 'बरं' म्हणून परत आले आणि दुरुस्ती लिहायला बसले. ओळ छोटी आहे. यादीतला पहिला उचलायचा नाही. प्रत्येक इंटरफेस तपासायचा, आभासी वगळायचा, बंद असलेला वगळायचा, तार खरोखर लागलेली आहे ना ते बघायचं आणि मगच तो पत्ता कळवायचा. दुपारपर्यंत लिहून झाली. मंगळवारी चाचणीवाल्यांकडे दिली. ती इथे पोचेपर्यंत आईचे टाकेसुद्धा निघालेले असतील.

मोठ्या सिस्टर माझ्या समोरच्या खोलीत औषधं लावताहेत. उठून जायचं ठरवलं आहे. अजून उठले नाही म्हणून तुला लिहीत बसले आहे. आता उठते.

ठकू

१७ मार्च

प्रिय दादा,

तुझी दोन्ही पत्रं एकदम आली. पहिलं वाचून रडले, दुसरं वाचून जेवले. 'तू मला परका केलंस' हे तुझं वाक्य खोडून काढण्यासारखं माझ्याकडे काही नाही. पुढच्या बंदरात उतरायची परवानगी मिळाली, हे आईला सांगितलं. आधी माझ्यावर चिडली. मग म्हणाली, त्याची खोली झाडून घे. त्यावरून तब्येतीचा अंदाज कर.

गुरुवारी मी दोन शब्द पाठवले होते: 'आई सुखरूप.' ते खरंच होतं, पण तेवढंच नव्हतं. आता बुधवारपासून सगळं सांगते.

मोठ्या सिस्टर म्हणजे वॉर्डाच्या प्रमुख. उंच, कमी बोलणाऱ्या, चपला अजिबात न वाजवणाऱ्या. ट्रॉलीवर बाटल्या लावता लावताच म्हणाल्या, "बोला, ऐकते आहे." मी बोलायला लागले तसा त्यांचा हात थांबला. मधे एकदाच विचारलं, "जुना आकडा म्हणजे बंद करायच्या आधीचा?" मी हो म्हटलं.

"कुठल्या खोल्या?"

सांगितल्या.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"अंदाज रविवारी आला होता. सोमवारी नक्की झालं."

"आज बुधवार आहे." त्यांनी ट्रॉलीचा कप्पा बंद केला. "मंगळवारी त्यातल्या एका खोलीत ऑपरेशनचा पेशंट आला. सुखरूप आहे. पण तो आला तेव्हा तुम्ही कॉरिडॉरमध्ये बसला होतात. मी पाहिलं होतं तुम्हाला."

मी हातातली वही मिटली.

"शेवटच्या खोलीत तुमच्या आई आहेत ना?"

"हो."

"त्या नसत्या, तर आला असता माझ्याकडे?"

मी म्हटलं, आले असते.  त्यांनी माझ्याकडे कोरा कागद सरकवला. म्हणाल्या, "लिहून द्या, सहीनिशी. तोंडी सांगण्यावर मला माणसं हलवता येत नाहीत."

त्यांना लिहून द्यायचं म्हणजे कंपनीच्या विरुद्ध माझ्या सहीचा कागद. मी आईच्या खोलीत जाऊन लिहायला बसले. आई उशीला टेकून माझ्याकडे बघत होती. ऑपरेशनची धास्ती तिला, आणि चेहरा उतरलेला माझा.

"काय लिहितेस?"

"ऑफिसचं आहे."

"आण इकडे."

द्यायचा नव्हता, पण हात पुढे आलाच होता. तिने चष्मा लावून सावकाश वाचला, जसं ती सगळंच वाचते. मग म्हणाली, "एवढ्याशा मजकुरात 'कदाचित' किती ठिकाणी घातलंयस. तुला खात्री आहे की नाही?"

"आहे."

"मग कशाला?" असं म्हणून तिने माझ्या पेनने ते सगळे 'कदाचित' खोडले. खोडता खोडता खोल्यांच्या आकड्यांशी आली आणि थांबली. दाराकडे बघितलं. "म्हणजे ही खोलीसुद्धा."

"हो."

"उद्या मला परत आणलं की हा डबा नव्याने चालू होणार."

"हो, आई."

तिने तारांच्या त्या डब्याकडे पाहिलं. त्यावर तिचेच ठोके चढत होते, दोघींनाही दिसत होते. मला वाटलं आता रडेल, किंवा म्हणेल की मला इथून ने. ती म्हणाली, "बाकीच्या खोल्यांतल्या लोकांना कोण सांगणार?"

"सिस्टर सांगतील."

"मग जा लवकर. आणि सही वाचता येईल अशी कर."

मोठ्या सिस्टरांनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि संध्याकाळच्या आत त्या बाजूची व्यवस्था पालटून टाकली. सगळ्या दारांना पाचरी लावून ती उघडी ठेवली. ऑपरेशनहून ज्याला परत आणतील त्याच्याजवळ एक सिस्टर स्टूल टाकून बसणार, आणि कुणाचाही डबा नव्याने चालू केला की खोलीतला आकडा व टेबलावरचा आकडा दोघींनी मोठ्याने बोलून जुळवायचा. जुळला नाही तर स्टूलवरची उठायची नाही. कॉरिडॉरमध्ये कागद लावला, 'दारं उघडी ठेवा'. बाकीच्या वॉर्डाला कारण सांगितलं नाही. हुकूम दिला.

गुरुवारी आईला दुपारी परत आणलं. चेहरा मेणासारखा, नाकात नळी. डबा चालू केला. मी तिथून टेबलापाशी गेले. स्क्रीनवर आईच्या चौकोनात बाहत्तर. परत खोलीत आले तर डब्यावर एकशे दहा. एका माणसाचे दोन आकडे. बाहत्तर सकाळचा होता, जाण्याआधीचा. दादा, त्या यादीकडे मी आठवडाभर बघत होते, कुठला पत्ता वर, कुठला खाली. पण त्याचा अर्थ काय होतो ते मला तेव्हा कळलं. 

स्टूलवरची सिस्टर शांतपणे म्हणाली, "जुळत नाही. मी आहे इथे." डबा बंद करून पुन्हा लावला, तरी तेच. तिसऱ्यांदा केबल वर आली आणि आकडे जुळले. आईचे ठोके संध्याकाळपर्यंत आपोआप उतरले. तिला काहीच झालं नाही. हे मला इथे नीट लिहायचं आहे, कारण तू तसं समजशील: माझ्या कागदाने आईला वाचवलं नाही. ती तशीही वाचली असती.

शुक्रवारी चार वाजता भेटायची वेळ होती. शेजारच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ आहेत, पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे. आई त्यांना घड्याळकाका म्हणते. ते अजून ऑपरेशनच्या आधीचेच, म्हणून त्यांच्याजवळ स्टूल नव्हतं. कुठल्याशा तपासणीला नेऊन त्यांना परत आणलं, डबा लावला, सिस्टरने आकडा बोलून जुळवायचा तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून कुणी हाक मारली म्हणून ती दोन मिनिटं तिकडे गेली. मी आईसाठी पेज घेऊन येत होते. टेबलावरून जाताना सवयीने स्क्रीनकडे बघितलं. काकांचा चौकोन हिरवा, आकडा छान. आणि त्याच वेळी कॉरिडॉरच्या टोकाकडून डब्याचा तो एकसुरी आवाज.

मला वाटलं आईचा आहे. मी धावले ती आईसाठीच. पण मोठ्या सिस्टर माझ्या पुढे होत्या. त्यांच्या चपला मी पहिल्यांदा वाजताना ऐकल्या, आणि त्या शेजारच्या खोलीत वळल्या. मी दारात उभी राहिले. काकांचे ओठ निळे पडले होते. सिस्टर खाटेवर गुडघा टेकवून त्यांची छाती दाबत होत्या. मग डॉक्टर आले, मशीन आलं, आणि मला बाजूला केलं. त्यांची सून कॉरिडॉरमध्ये जमिनीवरच बसली. मी तिच्याजवळ बसले.  पेजेचा डबा हातातच होता. ती म्हणाली, "दार उघडं होतं म्हणून बरं झालं हो. नेहमी बंद असतं." मी मान हलवली.

काका जिवंत आहेत. वर अतिदक्षता विभागात आहेत, सुनेला ओळखतात, पण बोलत नाहीत अजून. बोलतील का, विचारलं तर डॉक्टर थांबा म्हणतात.

शनिवारी माझा कागद हॉस्पिटलच्या वरिष्ठांकडून फिरत आमच्या ऑफिसात पोचला. मॅनेजरबाईंचा फोन आला. ओरडल्या नाहीत. "तू मला विचारायला हवं होतंस," म्हणाल्या.

"विचारलं होतं. तुम्ही नको म्हणालात."

"तुझी आई तिथे आहे हे सांगितलं असतंस, तर मी वेगळा विचार केला असता."

मी म्हटलं, "तसा करायला नको होता, बाई." त्या मग म्हणाल्या की चौकशी होईस्तोवर घरी बस. या हॉस्पिटलात दुरुस्ती तातडीने बसवली आहे, काल माझ्याऐवजी आलेल्या मुलाने बसवली. त्याच्या हातात माझाच प्रोग्रॅम होता. त्याने सगळे डबे पाचसहा वेळा बंद-चालू करून पाहिले, आणि दर वेळी तारेचाच पत्ता वर कळवला गेला. मी बाकावरून बघत होते. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, बहुधा त्याला तसं सांगितलं असावं.

पण दादा, हेच डबे आणखीही हॉस्पिटलांत आहेत. हिवाळ्यातला तो बदल तिथेही गेला आहे. दुरुस्ती तिथे चाचणीनंतर जाणार, आणि पत्र वकिलांनी वाचून झाल्यावर. मी काल बाईंना पुन्हा विचारलं, आज पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, आता हा विषय तुझा नाही.

मोठ्या सिस्टरांनी विचारलेलं माझ्या डोक्यातून जात नाही. आई नसती तर गेले असते का? पाच दिवस झाले, मी स्वतःशी दोन्ही उत्तरं देऊन पाहिली. 'हो' म्हटलं तरी मंगळवारचा तो पेशंट दिसतो. मी बाकावर बसले होते आणि तो माझ्या समोरून स्ट्रेचरवर गेला होता, पायावर हिरवी चादर. माझ्या मनात तेव्हा काय आलं असेल? आईला आज पातळ काही खाता येईल का, एवढंच.

काल मी त्यांना भेटायला गेले होते. उत्तर द्यायला नव्हे. विचारलं की दुसऱ्या हॉस्पिटलातल्या सिस्टरला असं काही सांगायचं झालं तर फोनवर कुणाला मागावं. त्या म्हणाल्या, "वॉर्डच्या प्रमुखांनाच मागा. खोली कुठली ते आधी सांगा, कारण नंतर. कारण ऐकत बसलो तर खोली राहून जाते." मग रजिस्टरमध्ये मान घातली.

त्या हॉस्पिटलांचे नंबर मला पाठ आहेत, तक्रारी मीच घ्यायचे. नोकरी यानंतर राहील असं वाटत नाही, तू येशील तेव्हा मी घरीच सापडेन. आईला सांगितलं नाही अजून. ती झोपली आहे, एक हात पोटावर, श्वास एकसारखा. मी दार ओढून घेऊन बाहेरच्या बाकावर आले आहे. सकाळची वेळ आहे, वॉर्डच्या प्रमुख याच वेळी जागेवर असतात.

पहिला नंबर दूरच्या गावातला आहे. तिथे आपलं कुणीही नाही. तिथल्या टोकाच्या खोलीत आज कुणाला परत आणणार आहेत, मला माहीत नाही, त्यांचं नावही मला कधी कळणार नाही.

फोन लागतो आहे. इथेच थांबते.

तुझी,
ठकू